पलीकडचं दार

“कुणाच्या पलीकडे?” वृंदानं फोनवर विचारलं, आणि शिरीष वेलणकर ऑफिसच्या खुर्चीत होता तसाच बसून राहिला. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. भाजीवाल्याला भाव विचारावा इतक्या साध्या सुरात तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता फोन ठेवून दिला. ती डब्लिनमधल्या ग्रँड कॅनाल डॉकच्या स्टेशनवर उतरली होती, त्याच्या ऑफिसपासून हाकेच्या अंतरावर. ब्लॅकरॉकच्या घराची किल्ली त्याच्या हातात द्यायची, मागून येणारी डार्टची लोकल धरून कॉनली गाठायचं, तिथून लुआसच्या ट्रामनं ह्यूस्टन आणि ह्यूस्टनहून गाडीनं वॉटरफोर्ड, असा तिचा बेत होता. वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलात तिला लॅबमध्ये नोकरी लागली होती, कीर्ती नावाच्या एका नागपूरच्या मुलीबरोबर तिनं तिथं खोलीही घेतली होती. शनिवार-रविवारची येत जाईन, असं ती म्हणाली होती खरी. पण शनिवार-रविवारी येणारं माणूस घराची किल्ली परत करत नाही, एवढं शिरीषलाही कळत होतं. ती आज गेली की गेली. तिला थांबवायचं असेल तर या फलाटावर, या दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, काहीतरी बोलायला हवं होतं, आणि काय बोलायचं याचा सकाळपासून विचार करकरून त्याचं डोकं नुसतं भणभणत होतं. आणि फोन आल्यावर तोंडातून निघालं काय, तर “पलीकडे थांब, मी आलोच.”

आता यात वावगं काय होतं? त्याच्या टेबलाशेजारच्या काचेतून स्टेशनाचं छप्पर दिसत होतं. अलीकडचा फलाट ब्रे गावाकडे जाणाऱ्या गाड्यांचा, पलीकडचा शहराकडे जाणाऱ्या. वृंदा शहराकडच्या गाडीतून उतरली म्हणजे ती पलीकडच्याच फलाटावर असणार, पुढची गाडीही तिथंच येणार. आहेस तिथंच थांब, उगाच बॅगा घेऊन जिना चढू नकोस, मी येतो, एवढंच त्याला म्हणायचं होतं. तिच्या काळजीनंच तो बोलला होता. पण ती ज्या फलाटावर उभी होती तिथून पलीकडे म्हणजे इकडचा फलाट. त्यानं थांब म्हटलं आणि तिनं ऐकलं ते चालत जा. आणि हे वाक्य तो पहिल्यांदा बोलत नव्हता. हेच वाक्य, याच काळजीनं, याच घाईत, तो आठ वर्षांपूर्वी जपानमधल्या एका स्टेशनाजवळच्या ऑफिसातून तिच्याशी बोलला होता. बोलला होता हे त्याला आज कळत होतं. इतकी वर्षं तो शपथेवर सांगत आला होता की मी 'आपल्या दाराशी' म्हणालो, तूच भलतं ऐकलंस.

त्यानं परत फोन लावला. वाजत राहिला, तिनं घेतला नाही. शेजारच्या डेक्लननं मान वर करून “यू ग्रँड?”, म्हणजे ठीक ना, म्हणून विचारलं आणि शिरीष सवयीनं “ग्रँड” म्हणाला. या देशात घर जळत असलं तरी माणसं ग्रँडच असतात. कोट अर्धा चढवून तो लिफ्टपाशी आला. लिफ्ट कुठंतरी वरच्या मजल्यावर गप्पा मारत थांबली असावी. ती बॅगा उचलून निघाली असेल का, हा एकच विचार त्याला छळत होता. ती तशी बावळट नव्हती. पण तेव्हाही ती बावळट नव्हती. तो म्हणाला म्हणून निघाली होती. नवऱ्याचं ऐकलं, एवढाच तिचा गुन्हा, आणि तो कबूल करून घ्यायला हा पठ्ठ्या आठ वर्षं तिच्या मागे लागला होता.

त्या स्टेशनाचं नाव कुरेबाशी. ओसाका आणि कोबे यांच्या मधलं. शिरीषला पुण्यातल्या कंपनीनं तिकडे पाठवलं ते अठ्ठ्याण्णव साली, दोन हजार साल उजाडल्यावर कॉम्प्युटर खुळे होतील म्हणून जगभर जे काम निघालं होतं त्या कामासाठी. वर डोंगर, खाली समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीतून आगगाडी, असा तो सगळा मुलूख. तिथली माणसं पूर्व-पश्चिम म्हणत नाहीत. डोंगराकडचं दार आणि समुद्राकडचं दार असं म्हणतात, आणि कधी कुणाची चुकामूक होत नाही. डोंगर काही उठून पलीकडे जात नाही. शिरीषचं ऑफिस डोंगराकडच्या दाराबाहेर, आणि कंपनीनं दिलेली दोन खोल्यांची जागा समुद्राकडच्या दाराबाहेर. डोंगराकडे काचेची दुकानं, बँका, फुलवाला; समुद्राकडे मासळीचा वास, सायकली आणि भाड्याच्या खोल्या. दोघं गमतीनं म्हणायचे की आपण स्टेशनाच्या परसात राहतो. तेव्हा गंमत करायचे. वृंदा पहिल्या महिन्यात भाजी आणायला जाऊन हमखास चुकीच्या दारातून बाहेर पडायची, परत आल्यावर आपलीच फजिती रंगवून सांगायची आणि शिरीष पोट धरून हसायचा.

त्या स्टेशनाचा सगळा इतिहास शिरीषला आता तोंडपाठ होता. म्हणजे तेव्हा नव्हता. तेव्हा त्याला जाण्या-येण्यापुरतं स्टेशन ठाऊक होतं. इतिहास त्यानं नंतर जमवला, इथं डब्लिनला आल्यावर, रात्रीचं जेवण झालं की कॉम्प्युटर उघडून. जपानमध्ये रेल्वेवेडी माणसं खंडीभर, एकेका स्टेशनाचे जुने फोटो, नकाशे, कुठली भिंत कधी पाडली इथपर्यंत सगळं इंटरनेटवर मांडून ठेवणारी. शिरीष मोडक्यातोडक्या जपानीत ते वाचत बसायचा. मुळात कुरेबाशीला एकच दार होतं आणि ते समुद्राकडे, कारण गाव तिकडे होतं, साके गाळणारी घराणी तिकडे होती. लाकडी ठेंगणं स्टेशन, पुढं हातगाड्यांचा अड्डा. डोंगराकडे नुसती शेतं. मग ओसाकाच्या पैसेवाल्यांना चढावरची हवा आवडली, तिकडे बंगले झाले आणि बंगलेवाल्यांसाठी डोंगराकडे दुसरं दार फोडलं. बघता बघता ते दार पुढचं झालं आणि जुनं दार मागचं. शिरीषला हे वाचताना विलक्षण काहीतरी सापडल्यासारखं वाटलं होतं: दार जागचं हललं नाही, तरी पुढचं होतं ते मागचं झालं. मग युद्धात बाँब पडले, स्टेशन जळालं, फलाट तेवढे राहिले. समुद्राकडे पत्र्याच्या टपऱ्यांचा बाजार उभा राहिला. पुढे गाड्या वाढल्या, रूळ उंच भरावावर चढवले आणि गावाचे सरळ दोन तुकडे झाले. इकडून तिकडे जायचं तर भरावाखालचं एक बुटकं भुयार किंवा स्टेशनाच्या पोटातला रुंद रस्ता. आणि पंचाण्णव साली भूकंप झाला तेव्हा तो पोटातला रस्ताच खचला. ही दोघं तिथं होती तेव्हा तो पत्रे लावून बंद केलेला होता. आत पिवळ्या टोप्या घातलेली माणसं काम करायची आणि बाहेरच्या पाटीवर टोपी काढून वाकलेल्या कामगाराचं चित्र असायचं: तुमची गैरसोय होते आहे, माफ करा.

वृंदा हे सगळं मागून बघायची. सुरुवातीला काही बोलायची नाही. नंतर त्यानं कॉम्प्युटर उघडला की ती उठून झोपायच्या खोलीत जायची आणि दार ओढून घ्यायची. एकदा स्वोर्ड्सला ओळखीच्या मयूर आणि सानिकाच्या घरी जेवायला गेले असताना, सगळे आपापल्या मुलाबाळांचं कौतुक सांगत असताना, ती एकदम म्हणाली, “आमच्याकडे आम्ही दोघं आणि एक स्टेशन.” सगळे हसले. सानिकानं विचारलं, “स्टेशन?” तर म्हणाली, “हो ना. सवत आहे माझी. जपानी.” पुन्हा सगळे हसले. शिरीषही हसला. घरी येताना गाडीत तो म्हणाला, लोकांसमोर बोलायची काय गरज होती. ती काचेतून विमानतळाचे दिवे बघत होती. म्हणाली, “घरात कुणाशी बोलू?”

लिफ्ट आली. आत गेल्यावर त्याला आरशात स्वतःचं तोंड दिसलं आणि ते त्याला अजिबात आवडलं नाही. खाली बॅरो स्ट्रीटवर पाऊस नव्हता पण हवा ओली होती, समोर कुठंतरी पाया खणत होते, क्रेन हलत होत्या. सगळं शहर नवीन बांधायला काढल्यासारखं झालं होतं त्या वर्षी. शिरीष धावत नव्हता आणि चालतही नव्हता, मधलंच काहीतरी करत होता. त्याला वाटत होतं, आपण हे आत्ता तिला सांगायचं. मीच म्हणालो होतो. पलीकडे म्हणालो होतो. तू बरोबर ऐकलंस, चूक माझ्या तोंडाची होती. हे ऐकलं तर ती थांबेल. का नाही थांबणार? इतकी वर्षं ज्या एका गोष्टीवरून घरात धड बोलणं होत नव्हतं, ती गोष्टच तिच्या बाजूनं निकालात निघाली होती. त्याला स्वतःची शरम वाटत होती आणि त्या शरमेच्या खाली, कसं सांगावं, एक हलकी आशाही वाटत होती. बुडणाऱ्या माणसाला काडीही पुरते.

त्या दिवशी कुरेबाशीला कडाक्याची थंडी होती. फेब्रुवारी. वृंदाला सातवा महिना चालू होता. तिनं सकाळी ऑफिसात फोन केला, म्हणाली, पोटात हालचाल नाही रे जाणवत, आणि कंबर फार दुखतेय. त्यानं वरिष्ठांना सांगितलं, वरिष्ठांनी आणखी वरिष्ठांना विचारलं, त्यात थोडा वेळ गेला. मग त्यानं तिला उलट फोन केला: टॅक्सीनं हॉस्पिटलात जाऊ, मी निघालोच, तू पलीकडच्या दाराशी येऊन थांब. तो डोंगराकडच्या ऑफिसात उभा होता. त्याच्या पलीकडचं दार म्हणजे समुद्राकडचं, घराजवळचं, तिला फार चालायला लागू नये म्हणून. आणि ती समुद्राकडच्या खोलीत फोन कानाला लावून उभी होती. तिच्या पलीकडचं दार म्हणजे डोंगराकडचं. तिला वाटलं असणार, हा तिकडूनच येतोय, तिकडेच चांगल्या टॅक्सी मिळतात, म्हणून बोलावतोय. पोटातला रस्ता बंद. मग ती त्या भुयाराकडे गेली, भुयारातून वाकून पलीकडे गेली, जिना चढली, आणि फुलवाल्याच्या दुकानापाशी उभी राहिली. त्याच वेळी शिरीष तिकीट पंच करून आत शिरला, तिकीटवाल्यांपुरत्या उघड्या ठेवलेल्या वाटेनं आतल्या आत फलाटावरून चालत समुद्राकडच्या दारानं बाहेर पडला आणि घड्याळाखाली उभा राहिला. म्हणजे एक वेळ अशी आली असणार की ती खाली भुयारात होती आणि तो बरोबर तिच्या डोक्यावर होता. हे त्यानं नकाशावर बोटानं किती वेळा ताडून पाहिलं होतं.

आणि मग दोघंही थांबली. एवढंच घडलं. दोन शहाणी माणसं थांबली. त्याला मध्येच वाटलं होतं की पलीकडे जाऊन बघावं, पण आपण तिकडे गेलो आणि नेमकी तेवढ्यात ती इकडे आली तर? पोटुशी बाई, थंडीत, आणि आपण जागेवर नाही. म्हणून तो हलला नाही. घरी फोन लावला, कुणी उचलला नाही, म्हणजे निघाली आहे, म्हणजे येईलच, म्हणून तर मुळीच हलला नाही. त्याला रागही आला होता. हे तो कधी कुणाला बोलला नाही, पण रागच आला होता. ही पुन्हा चुकीच्या दारानं गेली असणार, बावळट कुठली. शेवटी न राहवून तो धावत डोंगराकडे गेला तेव्हा फुलवाली बाई दुकानाबाहेरच होती. तिनं त्याला बघितल्याबरोबर ओळखलं. दोन्ही हातांनी पोटाचा मोठा आकार करून दाखवला, मग रस्त्याकडे हात केला आणि तोंडावर हात ठेवून वाकली. बाळ वाचलं नाही. मुलगी होती. वृंदानं तिला बघितलं, शिरीषनं नाही बघितलं. त्याला जमलं नाही. तासभर आधी आणलं असतं तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. किंवा सांगता आलं असेल, त्यांनी सांगितलं नाही. तिथली माणसं असल्या बाबतीत फार सभ्य असतात.

“तू पलीकडे म्हणालास.” “मी आपल्या दाराशी म्हणालो.” हे एवढंच संभाषण मग त्यांच्यात उरलं. पुण्यात, नंतर डब्लिनला. मग तेही बंद झालं आणि शिरीष स्टेशनाच्या इतिहासाकडे वळला. लोकांना वाटायचं, छंद आहे. त्यालाही तसंच वाटायचं. पण खरं म्हणजे तो एक जागा शोधत होता. त्या स्टेशनात एखादी खिडकी, एखादा जिना, एखादा कठडा असा असला पाहिजे की जिथून दोन्ही दारं एकदम दिसतील, आणि तिथं आपण उभं राहायला हवं होतं. अशी जागा नव्हती. एकोणीसशे तेवीसच्या नकाशात होती, पुलावर. तो पूल बाँबमध्ये गेला.

शिरीषनं पास टेकवून फाटक उघडलं. अलीकडचा फलाट मोकळा होता. एक मुलगी चिप्स खात होती, एक सूटवाला फोनवर ओरडत होता. वृंदा नव्हती. म्हणजे निघाली नाही, किंवा निघून पुलावर आहे. तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढला. पुलावर कुणी नव्हतं. खाली उतरताना त्याला ती दिसली, फलाटाच्या टोकाच्या बाकावर, पायाशी दोन बॅगा, गळ्याभोवती आईनं विणलेला जांभळा मफलर. हात मांडीवर ठेवून ती शहराच्या उलट दिशेला बघत होती. चाळिशीला आलेली बाई. किती बारीक झाली आहे, असं त्याच्या मनात आलं आणि हे आपल्याला कधी दिसलं नाही याची त्याला भीती वाटली.

“मी नाही हलले या वेळी,” तो जवळ आल्यावर ती म्हणाली. बाजूला सरकून तिनं त्याला बसायला जागा केली.

तो बसला नाही. उभ्या उभ्याच, धापा टाकत, सकाळपासूनची सगळी जुळवाजुळव विसरून तो म्हणाला, “वृंदा, मीच म्हणालो होतो. पलीकडे. तेव्हा. आत्ता फोनवर बोललो ना, तेव्हा माझं मलाच ऐकू आलं. तू बरोबर ऐकलंस. तुझी चूक नव्हती गं. मला तुझ्याच बाजूचं दार म्हणायचं होतं, तुला चालायला लागू नये म्हणून...”

“माहितीये,” वृंदा म्हणाली.

“काय माहितीये?”

“हेच सगळं. मला तेव्हाच कळलं होतं, हॉस्पिटलात. पडल्या पडल्या दुसरं काय करणार? तुझं पलीकडे आणि माझं पलीकडे वेगवेगळं. तुला माझी काळजी होती म्हणून तू तसं म्हणालास, हेही कळलं होतं.” ती अगदी शांत बोलत होती. “बस ना. धाप लागलीये तुला.”

तो बसला. त्याच्या हातातली काडीच कुणीतरी काढून घेतली होती. मोठ्या मुश्किलीनं तो म्हणाला, “मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तू म्हणायचास, मी आपल्या दाराशी म्हणालो. मला वाटायचं, याला तसं धरून चालायचंय तर चालू दे. तेवढ्यावर उभा आहे बिचारा. काढून घेतलं तर पडेल.” मग म्हणाली, “मी त्या शब्दावर नाही रे रागावले कधी. शब्द काय, निघतो तोंडातून. तू एकदाही विचारलं नाहीस, मी तिथं उभी होते तेव्हा काय झालं. भिंती विचारल्यास त्या जपानी लोकांना. जिने विचारलेस. मला नाही विचारलंस.”

विचार आता, असं त्याचं मन आक्रोश करून सांगत होतं, विचार, गाढवा. पण त्यानं विचारलं नाही, कारण आता विचारणं म्हणजे तिनं सांगितलं म्हणून विचारणं. समोरच्या फलाटावर ब्रेकडे जाणारी गाडी आली, थांबली, गेली. सूटवाला तिच्यातून गेला. आणि मग त्यानं न विचारताच वृंदा सांगायला लागली, समोरच्या रिकाम्या रुळांकडे बघत.

“रक्त जायला लागलं तेव्हा मी फुलवालीच्या दुकानात गेले. तिनं मला खुर्ची दिली. स्टेशनचा माणूस धावत आला, म्हणाला, अँब्युलन्स बोलावली आहे, कुणी बरोबर आहे का. मी म्हटलं, नवरा येतोय, इथंच कुठंतरी असेल. माझी खात्री होती तू आलायस म्हणून. एकदाही असं वाटलं नाही की तू आला नसशील. मग मी त्याला तुझं नाव सांगितलं. त्यानं ते तीन-चारदा माझ्याकडून म्हणून घेतलं आणि आत जाऊन भोंग्यावरून पुकारायला लावलं. बाईचा आवाज होता. कितीतरी वेळ पुकारत होती. अँब्युलन्स आली तरी मी म्हणत होते, दोन मिनिटं थांबा, आता तो ऐकेल, येईल. मीच थांबवली त्यांना.” तिनं त्याच्याकडे वळून पाहिलं. “तो आवाज आमच्या बाजूला येत होता. तुझ्या बाजूचं मला माहीत नाही. तिकडे सगळं खणलेलं होतं. मी मनाशी धरून चालले, की तिकडे भोंगा नसेल, म्हणून तू आला नाहीस. तुला विचारायचं धाडस नाही झालं. पण जाण्याआधी विचारते. तुला तर ते स्टेशन पाठ आहे. समुद्राकडच्या दाराशी भोंगा होता का रे?”

भोंगा होता. घड्याळाच्या खाली, त्याच्या डोक्यावर. राखाडी, चौकोनी, नवा कोरा. खणाखणीत जुने निघाले म्हणून त्या बाजूला आधी बसवले होते. आणि त्यातून त्या दिवशी एक बाई बोलत होती. शिरीषला ती आत्ता, आठ वर्षांनी, जशीच्या तशी ऐकू आली. मंजुळ, लांब सूर काढून: बेरांकारु, बेरांकारु. पुन्हा, पुन्हा. तो घड्याळाखाली हात चोळत उभा होता आणि ते ऐकत होता, आणि वैतागलेल्या मनाला तेवढाच विरंगुळा म्हणून त्यानं विचारही केला होता, की हे बेरांकारु कुठलं गाव बुवा, या लाइनवर तर नाही. वेलणकर. त्याचं स्वतःचं नाव, त्याच्या बापाचं, त्या मुलीचं झालं असतं ते. वृंदा त्या बाईच्या तोंडून इतका वेळ त्याला हाका मारत होती आणि त्यानं प्रत्येक हाक ऐकली होती.

लांबून, लॅन्सडाउन रोडच्या बाजूनं, गाडीचा हिरवा तोंडवळा दिसायला लागला. आपण हो म्हणालो तर ही गाडी चुकेल, हे शिरीषला लख्ख कळत होतं. ती ओरडेल, मारेल, फलाटावर बसून रडेल, पण जाणार नाही. असलं काही ऐकून कुणी उठून गाडीत बसत नाही. दोघं मिळून ते ऐकत बसतील, जन्मभर. त्याला तिला ठेवून घ्यायचं होतं. दुसरं काहीच इतकं हवं नव्हतं. त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिचे ओठ जरासे उघडे होते, श्वास धरून ठेवल्यासारखे.

“नव्हता,” तो म्हणाला. “त्या बाजूचं काम व्हायचं होतं अजून. मला माहितीये ना, मी सगळं वाचलंय. भोंगे पुढच्या वर्षी लागले.”

“नक्की?”

“नक्की गं. नुसत्या वायरी लोंबत होत्या.”

वृंदानं डोळे मिटले. श्वास सोडला तो इतका लांब होता, की एवढी हवा ही आत घेऊन कशी जगत होती, असं त्याला वाटलं. मग ती म्हणाली, “मला वाटलंच होतं. तू ऐकून न येणारा नाहीसच.” तिनं त्याच्या कोटाची वळलेली कॉलर सरळ केली, किल्ली त्याच्या हातात ठेवली, आणि वर आपला हात थोडा वेळ ठेवला. “फ्रीजमध्ये आमटी आहे. जेवत जा वेळेवर. आणि ते स्टेशन आता सोड बाबा, पुरे झालं.”

गाडी आली. त्यानं बॅगा आत ठेवून दिल्या, तिनं एका हातानं दांडी धरली आणि दुसऱ्या हातानं मफलर नीट केला. दार लागल्यावर ती काचेशी आली आणि हसली. इतकी मोकळी हसताना त्यानं तिला कुरेबाशीला पाहिलं होतं, भाजीची पिशवी घेऊन चुकीच्या दारानं बाहेर पडली होती त्या दिवसांत. तोही हसला, हात हलवत राहिला, गाडी वळणाआड जाईपर्यंत. मग तो बाकावर बसला. खरं काय ते सांगता येईल असं एकच माणूस या जगात होतं, आणि त्यालाच ते आता कधी सांगायचं नव्हतं.